कोण? – मी!

आमच्या मालवणकडे दुपारच्या वेळी खळ्यातून कुणी हाक घातली, की आतली बाई चुलीपाशी बसल्याबसल्या विचारते, "कोण ता?" आणि बाहेरून उत्तर येते, "मी!" जगातल्या कोणत्याही पोलीसखात्याला हे उत्तर पुरले नसते, आम्हांला पुरते. कारण आवाज ओळखीचा असतो, चपलांचा आवाज ओळखीचा असतो, आणि कुत्रा भुंकलेला नसतो. तीन-तीन पुरावे एकदम मिळाल्यावर नाव विचारण्याची गरज काय? उलट कुणी "मी म्हणजे कोण?" असे विचारलेच, तर बाहेरचा पाहुणा रागावून परत जाईल आणि पुढल्या गणपतीत भजनाला येणार नाही.

ही रीत फार गोड आहे. ती घरापुरती राहिली असती तर मी तिच्याविषयी एक अक्षर वाकडे लिहिले नसते. परंतु ती आमच्याबरोबर कचेरीत आली आहे. आणि कचेरीतल्या दाराला आता ना आवाज ओळखता येतो, ना चपला. संपादकांनी दिवाळी अंकानिमित्त या सदराला नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे, तेव्हा आज कवींना आणि कादंबरीकारांना थोडी विश्रांती देऊन या दाराविषयीच लिहावे म्हणतो. मराठीच्या मास्तराने संगणकाविषयी लिहावे याचे कुणाला हसू आले तर येवो. मी बोलणार आहे ते यंत्राविषयी कमी आणि माणसांच्या भिडेविषयी जास्त.

शहरातल्या वाचकांना हे दार चांगले ठाऊक असेल. पूर्वी कचेरीचे सारे दप्तर भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या कनवटीला. आता पगाराची बिले 'सेवार्थ'वर, मुलांच्या शिष्यवृत्त्या 'महाडीबीटी'वर, परीक्षेचे गुण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, आणि उरलेला पत्रव्यवहार ज्याला 'क्लाउड' म्हणतात त्याच्यात. हा क्लाउड म्हणजे काय, असे आमच्या शिपायाने एकदा मला विचारले. मी म्हटले, "मृगाचे ढग नव्हेत ते. आपली पेटी दुसऱ्याच्या माडीवर ठेवली आहे, असे समज." माडी कुठल्या गावात आहे ते आपल्याला ठाऊक नाही, घरमालक कधी पाहिलेला नाही, दारावर फक्त दोन प्रश्न विचारतात – नाव काय, आणि परवलीचा शब्द काय. बरोबर उत्तर देणाऱ्याला पेटी उघडून देतात. उत्तर देणारा कोण होता, हे तिथे कुणी पाहत नाही. वहीत मात्र नाव लिहिले जाते आणि ते कधी पुसले जात नाही.

'परवलीचा शब्द' हा शब्द सरकारी मराठीत 'पासवर्ड'साठी घेतला आहे तो मला मनापासून आवडतो. छावणीत रात्री पहारेकरी आपल्या माणसाला ओळखावा म्हणून जो शब्द ठरवीत, तो परवलीचा. त्याची खुबी अशी की तो एका रात्रीपुरता असे. सकाळी तो शब्द साऱ्या फौजेला कळला तरी बिघडत नसे. आमच्या कचेऱ्यांतून मात्र गेल्या पाच वर्षांचा शब्द भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागे बॉलपेनने लिहिलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो गावाचे नाव, एक 'ॲट'चे वेटोळे आणि १२३ असा असतो. चोराला मालवण शहराचे नाव ठाऊक नसेल, अशी आमची श्रद्धा दिसते.

आता यातून काय होते ते सांगतो.

आमच्या जिल्ह्यातली एक कचेरी. कोणती ते सांगण्याचे कारण नाही. तिथे माझी एक जुनी विद्यार्थिनी कनिष्ठ लिपिक म्हणून लागली. हुशार मुलगी, घरची परिस्थिती बेताची, नोकरी अजून परिविक्षेवरची. अनुदानाच्या याद्या भरण्याचे काम तिच्याकडे होते. पद्धत अशी, की एकाने भरायचे, दुसऱ्याने तपासायचे, तिसऱ्याने म्हणजे साहेबांनी मंजूर करायचे; तिघांची खाती तीन, शब्द तीन. हे कागदावर. प्रत्यक्षात साहेब निम्मा आठवडा ओरोसला बैठकीत, म्हणून त्यांचा शब्द हाताखालच्याकडे. हाताखालचे जेवायला गेले तर काम अडू नये म्हणून त्यांचा शब्द टेबलाच्या काचेखाली. आणि या मुलीचा शब्द सर्वांनाच तोंडपाठ. "तुझो पासवर्ड काय गो बाय?" असे तिला पहिल्याच दिवशी विचारले होते, आणि विचारणारे गृहस्थ तिच्या वडिलांच्या वयाचे होते. नाही कसे म्हणायचे? शिवाय त्याच गृहस्थांनी तिला सकाळी चहा पाजला होता.

गणपतीच्या सुट्टीत ती देवगड तालुक्यातल्या आपल्या वाडीत गेली. तिथे फोनला रेंज यायची तर टेकाडावर जावे लागते. ती आरत्या म्हणत असताना इकडे तिच्या खात्यातून तीन लाभार्थ्यांचे बँकेचे नंबर बदलले गेले. पुढच्या दोन पायऱ्याही त्याच दिवशी पार पडल्या. पावणेदोन लाखांच्या घरातली रक्कम भलतीकडे गेली. दिवाळीच्या सुमारास एक म्हातारा शेतकरी पैसे का आले नाहीत म्हणून विचारायला आला, तेव्हा हे उजेडात आले.

यंत्राच्या वहीत तारीख होती, वेळ होती आणि नाव होते. नाव तिचे. यंत्राला गावचा गणपती ठाऊक नसतो.

चौकशी आठ महिने चालली. रजेचा अर्ज निघाला, आणि बदल कचेरीतल्याच संगणकावरून झाले असे दिसले, म्हणून ती चोर नाही एवढे ठरले. पण मग चोर कोण? चौकशी अधिकाऱ्याने विचारले, "पासवर्ड कोणाकोणाला दिला होता?" ती म्हणाली, "सगळ्यांकच." या एका शब्दावर सारे प्रकरण आटोपले. ज्या दाराच्या सहा किल्ल्या सहा खिशांत आहेत, तिथे आत कोण गेले हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. रक्कम वसूल झाली, दोषी निश्चित करता आला नाही, आणि परवलीचा शब्द इतरांना दिल्याबद्दल या मुलीला लेखी ताकीद मिळाली. परिविक्षा एक वर्षाने वाढली. मला भेटली तेव्हा रडली नाही. एवढेच म्हणाली, "सर, चोरी केल्यान तेचा नाव खयच नाय, माझा मात्र कागदार आसा."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण समजतो की पासवर्ड म्हणजे कपाटाची किल्ली. किल्ली सार्वजनिक झाली तर नुकसान कपाटाच्या मालकाचे. पण तो शब्द किल्ली नव्हेच; ती सही आहे. "तुमची सही कशी करतात ते जरा शिकवून ठेवा, तुम्ही रजेवर असलात तर मी करीन," असे कुणी कुणाला म्हणेल काय? म्हटलेच तर त्याला कायद्यात नाव आहे. आणि या दुसऱ्या सहीलाही कायद्यात जागा आहे: माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, यातले ६६-क हे कलम दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. कलम आहे, पण वापरणारा सापडला तर ना!

सहीची किंमत आमच्या पूर्वजांना चांगली कळत होती. शिवकालीन पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, की पत्राला एक शिक्का पुरत नसे. आरंभी राजमुद्रा, आणि मजकूर संपला तिथे लहानशी मर्यादेची मुद्रा, म्हणजे त्याखाली कुणी चार ओळी घुसडू नयेत. कागद लांब असून जोडलेला असेल, तर जोडावरही शिक्का. पहिला शिक्का एखाद्याने खोटा बनवला तरी दुसऱ्यापाशी तो अडावा, हा हेतू. आज संगणकवाले जिला 'दोन पायऱ्यांची ओळख' म्हणून मोठ्या नवलाने सांगतात, ती ही. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचे दार तर आमच्या अंगणातच आहे. होडीतून जवळ जाईपर्यंत बुरुजांच्या वळणात ते कुठे आहे हेच दिसत नाही. सगळ्या किनाऱ्यावर "या, बसा" म्हणणारे आम्ही, आणि आमच्याच समुद्रात असे दार बांधलेले. दोन्ही गोष्टी इथल्याच.

आणि ओळख चुकली तर काय होते, हेही कोकणाने पाहिले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. काही वर्षांनी उत्तरेकडून एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. गोष्ट इथे संपायची. पण १७७६ मध्ये हा कैदी रत्नागिरीच्या किल्ल्यात असताना तिथल्या अधिकाऱ्यानेच, रामचंद्र परांजपे याने, त्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. गादीवर दोन वर्षांचे मूल, दरबारात दोन तट. हजारो माणसे तोतयाला मिळाली, कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले. पुण्याहून फौज आली तेव्हा बंड मोडले. तो जलमार्गे पळाला तो आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि त्याच वर्षअखेर पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक यावरच आहे.

मला या कथेत तोतयापेक्षा दुसऱ्या दोन माणसांचे नवल वाटते. एक तो अधिकारी. कुलूप भक्कम होते, कैदी आत होता, आणि किल्ली ज्याच्याकडे होती त्यानेच दार उघडले. दुसरा, किल्ल्याकिल्ल्याचा पहारेकरी. भाऊसाहेब आले आहेत असे कळल्यावर "कशावरून?" असे विचारण्याची त्याची छाती होईना. मोठ्या माणसाला ओळख विचारायची म्हणजे अपमान! ही भीड १७७६ सालापासून आजतागायत जशीच्या तशी आहे. साहेबांच्या नावाने निरोप आला की "ताबडतोब पैसे पाठवा", तर पाठवणारे लोक आजही सापडतात ते यामुळेच.

अलीकडचे उदाहरण पाहिजे असेल तर मुंबईला चला. फोर्टात ब्रॅडी हाऊस नावाची इमारत आहे. तिथल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेचे नाव फेब्रुवारी २०१८ मध्ये घराघरांत पोहोचले. हिऱ्याच्या व्यापाऱ्यांना परदेशात कर्ज मिळावे म्हणून बँक तेव्हा हमीपत्रे देत असे. अशी हमीपत्रे या शाखेतून वर्षानुवर्षे बँकेच्या वहीत नोंद न होता जात होती. पहिल्यांदा जाहीर झालेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. पुढे तो तेरा हजार कोटींच्या वर गेला. ही पत्रे 'स्विफ्ट' नावाच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून जात, आणि तिथेही आमच्या त्या कचेरीसारखीच पद्धत आहे: एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे, तिसऱ्याने खातरी करायची. तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे, या तीन पायऱ्यांचे परवलीचे शब्द वाटले गेले होते, आणि अखेर ते बँकेबाहेरच्या माणसांच्याही हाती पडले होते. म्हणजे तीन शिक्के होते खरे, पण हात एकच!

हे उघडकीस कसे आले? शाखेतला जुना उपव्यवस्थापक २०१७ साली निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये व्यापाऱ्याची माणसे नेहमीप्रमाणे नवे हमीपत्र मागायला आली, तेव्हा तिथे बसलेल्या नव्या अधिकाऱ्याने पुरेपूर तारण मागितले. ती म्हणाली, आजवर तर कधी लागले नाही. तेव्हा त्याने जुने कागद काढून पाहिले. कागद नव्हतेच. काही हजार कोटींचा पसारा एका माणसाच्या साध्या प्रश्नाने कोसळला. त्या अधिकाऱ्यालाही त्या दिवशी कुणीतरी 'फार शिष्ट दिसतो' असे म्हटले असेल, अशी माझी खातरी आहे.

तर मग करायचे काय? शब्द अवघड ठेवायचा, असे सगळे सांगतात. अवघड म्हणजे काय याविषयी मात्र मोठीच फसगत झालेली आहे. एक मोठे अक्षर, एक आकडा, एक वेटोळे, आणि दर तीन महिन्यांनी बदल, हा नियम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली घालून दिला. जगभरच्या कारकुनांनी तो इमानाने पाळला, म्हणजे शेवटच्या १ चा २ केला आणि २ चा ३. निवृत्तीनंतर २०१७ साली या गृहस्थांनी त्या सल्ल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो असे सांगितले, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती करू नये असे आपले मार्गदर्शन सुधारले. आता सल्ला असा, की शब्द वेटोळ्यांचा नको, लांब हवा. एकमेकांशी काही नाते नसलेले चार-पाच शब्द ओळीने घ्यावेत: एखादा मासा, एखादे भांडे, एखादा महिना, एखादे न घडलेले गाव. यमक जुळवू नये. यमक चोरालाही जुळवता येते. प्रत्येक ठिकाणचा शब्द निराळा असावा, आणि इतके लक्षात राहत नाहीत म्हणून ते सांभाळून ठेवणारी खास कुलूपबंद वही संगणकावर मिळते, ती वापरावी. कालनिर्णयाची मागची बाजू दूधवाल्याच्या हिशेबासाठी आहे.

पण शब्द कितीही लांब असो, त्याच्यात मुळातच एक खोट आहे. तो सांगता येतो. संगणकावर पासवर्ड आला तो १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी पाळीपाळीने काम करावे म्हणून फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र शब्द दिला. १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना. त्याने शुक्रवारी रात्री यंत्राला एक कार्ड घातले, त्यात सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून मागितली, आणि शनिवारी सकाळी ती उचलून आणली. पासवर्डचे बारसे आणि पासवर्डची पहिली चोरी यांत दोन पावसाळेसुद्धा गेले नाहीत!

म्हणून दुसरी पायरी. शब्द बरोबर आला तरी दार म्हणते, "ठीक, आता तुमच्याजवळची ती वस्तू दाखवा." शब्द डोक्यात असतो, तो चोरीला गेला तरी कळत नाही; वस्तू खिशात असते, ती गेली की बोंब होते. बँकेचा सहा आकडी निरोप फोनवर येतो तो याच जातीचा. पण आमच्या किनाऱ्यावर त्याची एक अडचण आहे. मे २०२१ मधले तौक्ते वादळ आठवा: माड पडले, तारा तुटल्या, किती दिवस वीज नाही, फोन मुके. अशा वेळी निरोप येणार कसा? साधा पाऊस लागला तरी आमच्याकडे तो कधीकधी दुसऱ्या दिवशी येतो, शिळ्या भाकरीसारखा.

याला उपाय निघालेला आहे आणि तो मला फार मोहक वाटतो. फोनवर एक छोटा आज्ञावलीचा डबा घेता येतो, त्याला 'ऑथेंटिकेटर' म्हणतात. तो दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी अंक दाखवतो, आणि त्याला रेंज लागत नाही, तार लागत नाही, काही लागत नाही. हे कसे? समजा, मालवणचा भट आणि पुण्याचा जोशी यांच्याजवळ एकच पंचांग आहे. दोघे कधी भेटत नाहीत, पत्र लिहीत नाहीत. पण अमुक दिवशी अमुक वेळी तिथी कोणती, असे दोघांनाही विचारले तर उत्तर एकच येणार. या डब्याचे तसेच आहे. पहिल्या दिवशी एक गुप्त अंक दोघांनी – तुमच्या फोनने आणि त्या दूरच्या माडीने – एकदाच वाटून घ्यायचा. ते जे काळ्यापांढऱ्या चौकटीचे चित्र फोनला दाखवतात ते त्यासाठी. मग दोघे आपापल्या घड्याळाकडे पाहून स्वतंत्र गणित करतात. फोनचे घड्याळ बरोबर असले की झाले. आणि अंक शिळा झाला की फुकट. छावणीतल्या परवलीला एक रात्र होती, याला अर्धा मिनिट!

हे असूनही माणूस फसतो, कारण तोतयाला अंक ओळखावा लागत नाही. तो मागून घेतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर या टॅक्सीच्या कंपनीत असेच झाले. कंत्राटावरच्या एका माणसाचा पासवर्ड चोराच्या हाती लागला होता, दुसऱ्या पायरीला त्या माणसाच्या फोनवर "तुम्हीच आहात ना? हो म्हणा," असा निरोप येई. चोराने तो पुन्हा पुन्हा पाठवला, आणि मग "मी तुमच्याच संगणक विभागातला बोलतोय, एकदा हो म्हणा म्हणजे थांबेल," असे कळवले. तो कंटाळला आणि हो म्हणाला. आपण दारावरचा विक्रेता जावा म्हणून उदबत्ती घेतो, तसे. तेव्हा घरातल्या बायकामुलांनाही सांगून ठेवावे: आपण स्वतः दार वाजवले नसताना "कोण?" असा प्रश्न आला, तर आपल्या नावाने दुसरेच कोणी दारात उभे आहे.

याच्याही पुढची तजवीज आता आली आहे, तिला 'पास-की' म्हणतात. तिच्यात सांगण्यासारखा शब्दच नसतो. फोन किंवा संगणक आपल्या पोटात एक गुपित ठेवतो, ते संकेतस्थळाला कधी दिले जात नाही, आणि खरे संकेतस्थळ ओळखल्यावाचून तो सही करीत नाही. म्हणजे इथे दार माणसाला ओळखते तसे माणसाचे यंत्रही दाराला ओळखते. खोट्या दारापुढे माणूस भुलला तरी यंत्र भुलत नाही. ज्या खात्याला ही सोय असेल तिथे ती करून घ्यावी; वर्षभराने सगळीकडे होईल असे मात्र मी म्हणणार नाही, आमच्या कचेऱ्यांतली काही यंत्रे अजून वडीलधारी आहेत.

आता एक शेवटची गोष्ट, जिच्याकडे कुणाचेच लक्ष नसते: गेलेल्या माणसांची खाती. अमेरिकेत टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बाजूला पेट्रोल नेणारी कोलोनियल कंपनीची नळवाट आहे, साडेपाच हजार मैलांची. ७ मे २०२१ रोजी ती बंद करावी लागली; पूर्वेकडच्या राज्यांत पंपांवर रांगा लागल्या, आणि कंपनीने चोरांना ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी दिली. चोर आले होते एका जुन्या खात्यातून. ते कुणी वापरीत नव्हते, पण बंदही केलेले नव्हते, आणि त्याला दुसरी पायरी नव्हती. परवलीचा शब्द चांगला अवघड होता, असे कंपनीच्या प्रमुखांनी तिथल्या सिनेटपुढे आवर्जून सांगितले. असेलही. तो चोराला ठाऊक होता एवढेच.

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी हे सारे मनावर घेतले. कचेरीत सहा माणसे. सहांची खाती वेगळी झाली, दुसरी पायरी बसली, आणि फोन हरवला तर लागणारे राखीव अंक कागदावर छापून, पाकीट लाखेने बंद करून प्राचार्यांच्या कपाटात गेले. खर्च आला तो पाकिटाचा. खरी लढाई झाली ती आमच्या हेडक्लार्कशी. तीस वर्षांची नोकरी, एक पैशाचा गोंधळ नाही, आणि कुणीही त्यांच्या टेबलाशी बसून त्यांच्या नावाने काम करावे अशी ऐसपैस वृत्ती. ते खूप दुखावले. "म्हणजे माझ्यार विश्वास नाय?" असे त्यांनी मला कॅन्टीनमध्ये विचारले. मी त्यांना त्या मुलीची हकीकत सांगितली. ती कचेरी कोणती, हे त्यांनी न सांगता ओळखले. काही वेळ चहा तसाच ठेवून बसले. मग म्हणाले, "तेचो बापूस माझ्या वळखीचो." दुसऱ्या दिवशी त्यांनी कालनिर्णयाचे मागचे पान फाडून टाकले, आणि नव्या मुलाने नेहमीच्या सवयीने त्यांचा अंक विचारला तेव्हा "तुझो तू काढ" म्हणून त्याला उठवले.

या ३१ मेला ते निवृत्त झाले. सभागृहात शाल, श्रीफळ, तीन भाषणे, आणि भाषणांत प्रत्येकाने त्यांच्या हस्ताक्षराची स्तुती केली. समारंभ आटोपल्यावर ते नारळ काखेत घेऊन कचेरीत आले. त्यांचे खाते बंद करायचे काम तेवढे राहिले होते. ते आपल्या डोळ्यांदेखत व्हावे असा त्यांचा आग्रह होता. नव्या मुलाने दोन-चार कळा दाबल्या आणि झाले म्हणून सांगितले. "बंद झाला मा? बघुया तर," असे म्हणून ते खुर्चीत बसले, चष्मा लावला, आपले नाव घातले, आपला तो लांबलचक शब्द एका बोटाने सावकाश घातला, आणि यंत्राने प्रवेश नाकारला. त्यांनी आणखी एकदा घातला. पुन्हा नाकारला. मग चष्मा खिशात ठेवून ते उठले आणि म्हणाले, "चला, बरा झाला."